मॅन्झनिटा आणि ताईचा व्हिसा

झाड निवडणं आणि नवरा निवडणं सारखंच, असं माझी एक मैत्रीण म्हणते. नर्सरीत सगळेच छान दिसतात, खरं काय ते घरी आणल्यावर कळतं! ऑफिसच्या टेबलावरचा मनीप्लँट जिवंत ठेवणं एवढाच बागकामाचा अनुभव असणाऱ्या तुम्हा-आम्हाला हे पटायला हरकत नाही.

माझी ताई मात्र या बाबतीत भलतीच सीरियस निघाली. ती कॅलिफोर्नियात, फ्रीमॉन्टला राहते. गेल्या ऑक्टोबरमध्ये मी तिच्याकडे गेले, तेव्हा घरापुढचं लॉन उखडून झालं होतं. तिकडे उन्हाळाभर पावसाचा थेंब नसतो. २०१५च्या दुष्काळात तर राज्याने शहरांना २५ टक्के पाणीकपात सक्तीची केली होती. त्यामुळे हिरवंगार लॉन म्हणजे पैसा आणि पाणी दोन्हीची उधळपट्टी. त्या जागी ताईला हवं होतं मॅन्झनिटा.

हे कॅलिफोर्नियाचं अस्सल लोकल झुडूप. स्पॅनिशमध्ये मॅन्झनिटा म्हणजे छोटंसं सफरचंद, कारण फळं तशीच दिसतात. खोड तांबडं आणि गुळगुळीत, आत्ताच कुणी पॉलिश मारून गेल्यासारखं. ऐन हिवाळ्यात उलट्या टांगलेल्या इवल्या घागरींसारखी पांढरी-गुलाबी फुलं येतात आणि त्यांच्यावर हमिंगबर्ड घिरट्या घालतात. एकदम फोटोजेनिक!

पण नर्सरीत गेल्यावर कळलं, की मॅन्झनिटा हे एक नाव नाही, अख्खं खानदान आहे. 'एमराल्ड कार्पेट' फूटभर उंचीचं, जमिनीवर सतरंजीसारखं पसरणारं. 'डॉक्टर हर्ड' दहा-पंधरा फुटांपर्यंत जाणारं, जवळजवळ झाडच. आणि मधलं 'हॉवर्ड मॅकमिन', पाच ते सात फुटांचं. मला अर्थातच डॉक्टरसाहेब आवडले. ताई म्हणाली, "खिडकी झाकून टाकेल ना ते. आज कुंडीत केवढं दिसतंय ते बघायचं नसतं, दहा वर्षांनी केवढं होईल ते बघायचं."

दुसरा मुद्दा मातीचा. तिच्याकडे चिकणमाती, म्हणजे पाणी साचणार. मॅन्झनिटाला ते अजिबात चालत नाही. त्यातल्या त्यात हॉवर्ड मॅकमिन अशा मातीशी जुळवून घेतं. तरीही मातीचा उंचवटा करून त्यावर लावायचं, खत घालायचं नाही आणि लावायचं ते पावसाळ्याच्या तोंडावर, म्हणजे तिकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये.

ठाण्याहून आईने फोनवरून सल्ला दिलाच, "रोज सकाळी एक तांब्या पाणी घालत जा गं."

"आई, त्यानेच मरेल ते!"

खरंच. पहिले एक-दोन उन्हाळे अधूनमधून, पण खोलवर पाणी द्यायचं. नंतर जवळजवळ नाहीच. उन्हाळ्यात माती गरम आणि ओली राहिली, की मुळं कुजतात. रोज तुळशीला पाणी घालणाऱ्या आईच्या पचनी हे काही पडलं नाही.

खरा वाद वेगळाच होता. जिजूंचं म्हणणं, "इतकं हळू वाढणारं झुडूप कशाला? कुंडीत काहीतरी लाव. उद्या निघावं लागलं तर?" ताई-जिजू तिकडे चौदा वर्षं आहेत. घर त्यांचं, हप्ते त्यांचे, मुलगी तिथेच जन्मलेली. पण ग्रीन कार्डाच्या रांगेत कुठल्याही एका देशाच्या वाट्याला सात टक्क्यांहून जास्त जागा सहसा येत नाहीत आणि भारतीयांची रांग मारुतीच्या शेपटासारखी. नोकरी गेली तर मोजके दिवस हातात. त्यामुळे त्या घरात मोठा सोफासुद्धा 'बघू पुढच्या वर्षी' म्हणून राहिलाय.

आणि मॅन्झनिटा एकदा मुळं धरलं, की हलवलेलं सोसत नाही. सॅन फ्रान्सिस्कोतली एक जात जंगलातून नामशेष झाली असं कित्येक दशकं मानलं जात होतं. २००९मध्ये गोल्डन गेट ब्रिजजवळच्या रस्त्याच्या कामात तिचं एकच झुडूप सापडलं. जानेवारी २०१०मध्ये ते मुळांभोवतीच्या अख्ख्या मातीसकट उचलून दुसरीकडे नेऊन लावलं आणि ते जगलं. पण एवढा लवाजमा तुमच्या-आमच्यासाठी कोण आणणार?

ताईने शांतपणे हॉवर्ड मॅकमिनचं सगळ्यात छोटं रोप उचललं. म्हणाली, "चौदा वर्षं सगळं कुंडीतच लावलं रे. एक तरी जमिनीत लावू दे."

जिजू काहीच बोलले नाहीत. खड्डा त्यांनीच खणला.

परवा ताईचा फोटो आला. रोप अजून वीतभरच वाढलंय. व्हिसाचं? तेही तिथेच आहे. पण घरात सोफा आलाय, चांगला सात जणांचा!