फरशीखालची ओल

जालन्यात गॅरेज म्हटलं की बंगल्याखालची गाडी ठेवायची खोली कुणाच्या डोळ्यांपुढं येत नाही. गॅरेज म्हणजे मेस्त्रीचं दुकान. गाडी ठेवायची जागा ती पार्किंग. तळघर हा शब्दही मागं पडला, आता सगळे बेसमेंटच म्हणतात. या तिन्ही ठिकाणच्या काँक्रीटवर इपॉक्सीचा थर द्यायचं काम मी करतो. साइटवर एक वही असते सोबत. त्यातलीच ही टिपणं.

•

पहिला फोन ठरलेला. ‘‘भाऊ, आरशासारखी चमकली पाहिजे. फुटाला काय घेता?’’

मी विचारतो, ‘‘प्लॉट काळीत आहे का मुरमाडात? पावसाचं पाणी कुठं जातं? काँक्रीट कधी टाकलं?’’

‘‘हे कामून विचारता? वरूनच तर लावायचंय ना?’’

लावायचं वरूनच असतं. पण उखडतं ते खालून.

•

आपल्या बोलीतच याचं उत्तर आहे. शेतजमीन ती काळी, गावठाण ती पांढरी. जुन्या लोकांनी घरं पांढरीवर बांधली आणि काळी पिकाला ठेवली. काळी माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात शेतातल्या भेगेत हात जातो. असल्या जमिनीवर घर उभं करणं कठीण, हे त्यांना पिढ्यांच्या अनुभवातून ठाऊक होतं.

आता शहर काळीत शिरलं आहे. काल कपाशी होती तिथं आज एन.ए. प्लॉट आणि त्यावर बेसमेंटसह बंगला. काळी पूर्ण उकरून काढली, मुरूम भरून थराथरानं दाबला, सोलिंग आणि पीसीसीच्या मध्ये जाड प्लास्टिक अंथरलं, तर जमीन गुण देते. यातला शेवटचा खर्च बहुतेक जण वाचवतात. त्या कागदाचे पैसे वाचतात आणि पुढं सगळी फरशी जाते.

•

इपॉक्सी म्हणजे रंग नव्हे, हे आधी समजून घ्यावं लागतं. रंग सुकतो, इपॉक्सी जुळून येतं. एक भाग राळ, दुसरा हार्डनर. दोन्ही एकत्र आले की रासायनिक क्रिया होऊन नवाच घट्ट पदार्थ तयार होतो आणि पुन्हा मागं फिरत नाही. घरोघरी तुटलेल्या कपबशा जोडायला आणलेल्या अराल्डाइटच्या दोन नळ्या आठवा. तोच वंश. स्वित्झर्लंडमध्ये पियेर कास्तान या रसायनशास्त्रज्ञानं दातांच्या कामासाठी ही राळ शोधली. अराल्डाइट बाजारात आलं ते १९४६ साली. दातापासून निघालेली वस्तू आज जालन्याच्या एमआयडीसीत गोदामाच्या जमिनीवर आहे.

दातांचा डॉक्टरही आधी कीड कोरून काढतो, जागा कोरडी करतो आणि मगच भरतो. आमचंही काम त्याच क्रमानं चालतं.

•

उखडलेला पोपडा फेकू नये. उलटा करून उजेडात धरावा.

पाठीवर पांढरट भुकटी चिकटलेली असेल तर काँक्रीटचा वरचा थर कच्चा होता. पाठ काचेसारखी स्वच्छ असेल तर घासाई झालीच नव्हती, माल नुसता वर बसला होता. बोटाला चिकट, ओलसर लागलं तर ओल. पाठीला सिमेंट आणि खडीचे तुकडे घट्ट धरून आले असतील तर मात्र आमच्या कामाचा दोष नाही: थरानं काँक्रीट सोडलं नाही, काँक्रीटच फाटलं.

नव्या पोरांना मी सगळ्यात आधी हे वाचायला शिकवतो. डबा उघडायला त्यानंतर.

•

कच्च्या थराचं कारण आपल्या शहरात बऱ्याचदा पाणी हेच असतं. जालन्यात नळाला रोज पाणी येत नाही. स्लॅब टाकला की निदान सात दिवस पाणी मारायला हवं, आणि मारलं जातं दोन दिवस, तेही टँकर आला तर. वर सिमेंटची साय येते. दिसायला गुळगुळीत, नखानं खरवडली की पीठ. तिच्यावर काहीही लावा, ते तिच्यासकट सुटून येतं.

थोड्या पाण्यात काम भागवायचं तर ओली गोणपाटं अंथरून वर प्लास्टिक झाकावं. मारलेलं पाणी जागेवर राहतं. टँकरला लागतात त्या पैशांपेक्षा गोणपाट स्वस्त.

•

इपॉक्सीआधी काँक्रीटला २८ दिवस तरी द्यायचे. पण २८ हा आकडा काँक्रीटच्या ताकदीचा आहे, कोरडेपणाचा नाही. बेसमेंटचं काँक्रीट भर पावसाळ्यात तीन महिन्यांनीही ओलं असू शकतं.

•

ओल पाहायची साधी रीत. दीड फूट लांब, दीड फूट रुंद पारदर्शक प्लास्टिक घ्यायचं, चारही कडा टेपनं हवाबंद चिकटवायच्या आणि किमान १६ तास हात लावायचा नाही. म्हणजे आज संध्याकाळी लावलं तर उद्या सकाळी उशिरा उघडायचं. खालच्या बाजूला थेंब असतील किंवा तेवढा चौकोन गडद झाला असेल तर पाणी जमिनीतून येतं आहे. थेंब प्लास्टिकच्या वर असतील तर हवेतली वाफ गार फरशीवर जमली आहे. दोन्ही ओलच, पण दोन्हींवरचे इलाज वेगळे. पहिलीला मूळ शोधावं लागतं. दुसरीला हवा खेळती करून, फरशी दवबिंदूपेक्षा निदान तीन अंश गरम होईपर्यंत थांबलं तर भागतं.

एका कोपऱ्यात लावून भागत नाही. भिंतीच्या कडेला एक, मध्ये एक, टाकीच्या बाजूला एक.

•

मी हे एकदा केलं नाही.

एका दवाखान्याचं बेसमेंट. दसऱ्याला उद्घाटन ठरलेलं, पत्रिका छापून झालेल्या. जमीन वरून कोरडी दिसत होती, मालक रोज दोनदा फोन करत होते, आणि मी हो म्हणालो. निळसर करडी, सुंदर फरशी झाली. लोकांनी कौतुक केलं. दिवाळीनंतर बोलावणं आलं. रुपयाएवढे फोड, भिंतीलगत जास्त, मध्ये तुरळक. टाचणी टोचली तर आतून तपकिरी, चिकट पाणी आलं.

कारण सापडायला अर्धा तास लागला. गच्चीवरच्या पावसाच्या पाण्याचा पाइप भिंतीच्या पायाशीच सोडलेला होता. अख्खा पावसाळा तिथली माती पाणी पीत होती आणि ते पाणी काँक्रीटच्या छिद्रांतून वर चढत होतं. वर मी झाकण घातलं होतं. पाण्याला दुसरी वाट नव्हती, म्हणून त्यानं झाकण उचललं.

पाइप लांब नेला, कडेनं बाहेरच्या उताराचा कोबा केला. फरशी खरवडून काढली आणि मार्चमध्ये पुन्हा केली, स्वतःच्या खर्चानं. पैशांचं दुःख होतंच. पण जी गोष्ट मला माहीत होती ती मी तारखेपुढं गप्प ठेवली, हे जास्त लागलं. तेव्हापासून तपासणीआधी तारीख देत नाही.

•

जमिनीखाली कोरडं ठेवण्याची विद्या आपल्याकडं जुनी आहे. गावोगावी ज्वारीची पेवं होती. पांढरीत खोल खड्डा, आत कडब्याचा आणि भुसकटाचा थर, मध्ये धान्य, तोंडावर दगड आणि माती. पाणी आत शिरू नये यासाठी जागा निवडण्यापासून काळजी. पेव कुठं घ्यायचं, हाच पहिला प्रश्न.

आणि पेव उघडलं की कुणी लगेच आत उतरत नसे. आधी हवा जाऊ देत, मग दिवा सोडून पाहत. दिवा विझला तर थांबायचं. कोंडलेली हवा माणूस मारते, हे तेव्हा शेतकऱ्याला ठाऊक होतं. आज बंद बेसमेंटमध्ये थिनरच्या वासात गड्यांना कामाला लावणाऱ्यांना ते का ठाऊक नसावं? आम्ही दोन पंखे लावतो: एक ताजी हवा आत ढकलायला, एक बाहेर ओढायला. थिनरच्या कामात ठिणगी उडणारी कुठलीही वस्तू जवळ नको.

•

घासाईबद्दल.

एकूण कामातले निम्म्याहून जास्त दिवस घासाईत आणि भेगा भरण्यात जातात. हिऱ्याच्या दातांचं मशीन फिरवून वरची साय काढायची, जमीन बारीक सॅंडपेपरसारखी खरखरीत करायची. त्या खरखरीला माल धरतो. गिऱ्हाइकाला हे दिवस फुकट गेल्यासारखे वाटतात, कारण दिसतं काहीच नाही, फक्त आवाज आणि धूळ.

ती धूळ साधी नसते. काँक्रीटच्या धुळीत सिलिकाचे कण असतात. डोळ्यांना न दिसणारे कण फुप्फुसात जाऊन बसतात आणि पुढं सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. तोंडाला बांधलेला रुमाल तिथं काही कामाचा नाही. मशीनला व्हॅक्यूम जोडलेला हवा आणि नाकावर नीट बसणारा मास्क हवा. ज्यांना फुटाला चार रुपये कमी हवेत त्यांनी त्या चार रुपयांत काय येतं ते विचारावं. बऱ्याचदा व्हॅक्यूम येतो.

•

हातमोजे नायट्राइलचे. कापडी मोजा राळ शोषून कातडीला धरून ठेवतो, म्हणजे नसल्यापेक्षा वाईट. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की जन्मभर सोबत करते. आमच्याकडचा एक हुशार गडी असाच कामातून गेला. डबा नुसता उघडला तरी मनगटापासून पुरळ उठायचं. हात थिनरनं पुसायची सवय त्याला आम्हीच लावली होती. आता साबण आणि पाणी.

•

मे महिन्याचं गणित वेगळं. पारा ४२ च्या पुढं गेला की बादलीत कालवलेला माल हातात वेळ देत नाही. तापमान दहा अंशांनी चढलं की वेळ साधारण निम्मा होतो. शिवाय जुळताना हा माल स्वतःच तापतो; ढीग जितका मोठा तितका जास्त. एकदा दहा किलोची बादली ‘‘थांब, चहा घेऊन येतो’’ म्हणून ठेवली आणि तिच्यातून धूर निघायला लागला. कालवलं की ओतायचं. जमिनीवर पसरलेला माल गार राहतो.

प्राइमर मात्र दिवस कलल्यावर. सकाळी काँक्रीट तापत असतं, त्याच्या छिद्रांतली हवा फुगून वर येते आणि ओल्या थरात टाचणीएवढी भोकं पाडते. संध्याकाळी फरशी निवत असते, ती प्राइमर आत ओढून घेते.

•

गिऱ्हाइकानं पाठ करावं असं एक माप: एक चौरस मीटरवर एक लिटर माल म्हणजे एक मिलिमीटर जाडी.

१००० चौरस फूट म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर. ‘दोन मिलिमीटर सेल्फ लेव्हलिंग’ ठरलं असेल तर जागेवर साधारण १८६ लिटर माल यायला हवा. चार बादल्या आल्या तर बोलावं. रिकामे डबे मोजून घ्यावेत. यात कुणाचा अपमान नाही. आम्हीही सिमेंटच्या गोण्या मोजूनच घेतो.

•

मेस्त्रीचं गॅरेज सगळ्यात अवघड. वीस वर्षांचं ऑइल काँक्रीटनं पिलेलं असतं. वरून धुतलं तरी दोन दिवसांनी पुन्हा वर येतं, गरम पोळीखालच्या कागदातून तूप यावं तसं. पाण्याचे चार थेंब टाकून पाहायचं. जिरले तर ठीक, मोत्यासारखे उभे राहिले तर तेल आहे. डिग्रीझर, घासाई, पुन्हा थेंब. तिसऱ्यांदाही मोती दिसले तर तेवढा तुकडा फोडून नवं काँक्रीट टाकणं स्वस्त पडतं.

गाडीच्या तापलेल्या टायरखालीही हलका माल सुटतो. काम झाल्यावर चालायला एक दिवस, गाडी आणायला सात दिवस. पाचव्या दिवशी गाडी आणणारे भेटतातच.

•

‘जालना सोने का पालना’ म्हणतात ते व्यापारावरून. आज त्यातला मोठा भाग बियाण्याचा. इथल्या बद्रीनारायण बारवाले यांना १९९८ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला तो बियाण्याच्याच कामासाठी. बियाण्याच्या गोदामात फरशीची भेग म्हणजे नुसती भेग नसते. तिच्यात मागच्या वाणाचे चार दाणे अडकतात, किडीला घर मिळतं. दाणे दुसऱ्या वाणात मिसळले की पिशवीवरचं नाव खोटं ठरतं आणि त्याचा फटका कुठल्या तरी शेतकऱ्याच्या वावरात बसतो. तिथं बिनसांध्याची, भिंतीला गोलाईनं चढलेली फरशी करताना मला कामाचा खरा अर्थ लागतो.

•

जिथं मी नको म्हणतो:

सळईच्या रोलिंग मिलमध्ये, गरम लोखंडाच्या वाटेवर. नेहमीचं इपॉक्सी साधारण ६० अंशांपुढं नरम पडू लागतं.

उघड्या अंगणात, गच्चीवर. उन्हानं पिवळं पडतं, वर भुकटी धरतं. लावायचंच तर वरून पॉलियुरेथेनचा (पीयू) थर हवा.

दुधाच्या, रोज गरम पाण्यानं धुवायच्या जागेत. तिथं पीयू काँक्रीट.

आणि ज्या तळघराची ओल थांबवता येत नाही तिथं. त्याला शहाबादी किंवा साधा घोटलेला कोबा बरा. जमिनीला श्वास घेऊ द्यावा. अशी कामं सोडल्याचा मला पश्चात्ताप नाही.

•

मंठा रस्त्याकडचं आत्ताचं काम. नोव्हेंबर. बंगल्याचं बेसमेंट, मालकांना नाताळच्या सुट्टीआधी हवं आहे. आम्ही जागा पाहत होतो तेव्हा त्यांच्या आई जिना उतरून आल्या.

‘‘काय लावता रे बाबा?’’

सांगितलं. त्यांनी विचारलं, ‘‘आधी खरवडता का?’’

‘‘खरवडतो की, आजी.’’

‘‘आम्ही बी सारवायच्या आधी जुने पोपडे खरवडायचो. नाहीतर नवं सारवण दोन दिसांत उठायचं.’’ मग त्या खाली बसल्या आणि भिंतीजवळ तळहात जमिनीवर टेकला. बराच वेळ ठेवला. ‘‘गार लागणं येगळं, वलं लागणं येगळं. ही वली हाय.’’

दुसऱ्या दिवशी प्लास्टिक उचललं. मधला चौकोन कोरडा होता. भिंतीजवळच्या चौकोनाखाली थेंब होते, आणि काँक्रीटवर आजींच्या तळहाताहून थोडा मोठा गडद डाग.

मालकांना दाखवलं. बाहेरची नाली आधी दुरुस्त करायची, काम संक्रांतीनंतर, असं ठरलं. भिंतीजवळ नवं प्लास्टिक चिकटवून, त्यावर तारीख लिहून आलो.