सांधा चुकला तर

धारवाडच्या कृषी विद्यापीठाच्या भुईमुगाच्या वाणांत एक टीडीजी-३९ आहे. ट्रॉम्बेचं अणुसंशोधन केंद्र आणि धारवाड, दोघांचा. ट्रॉम्बेच्या या घराण्यातला पहिला वाण टीजी-१, १९७३ सालचा. 'स्पॅनिश इम्प्रूव्ह्ड'च्या बियांवर क्ष-किरण सोडून मिळवलेला.

किरणांनी नवा गुण घडवला, असं सर्रास म्हणतात. किरण फक्त डीएनए तोडतात-बिघडवतात. नवा गुण उरतो तो पेशीची दुरुस्ती कुठेतरी चुकली म्हणून.

कोरड्या बीत बरीचशी मोडतोड तशीच पडून राहते. पेरल्यावर बीने पाणी ओढलं की डीएनएची नवी प्रत काढण्याआधीच पेशी डागडुजीला लागते. डीएनएच्या दोन धाग्यांपैकी एकालाच इजा असेल तर काम सोपं. खराब तुकडा कापायचा, समोरचा धागा वाचून जागा भरायची. दोन्ही धागे एकाच ठिकाणी तुटले की पंचाईत. तशीच दुसरी प्रत हाताशी असेल तर तिच्यावरून नीट जुळवता येतं. नसेल तर टोकाला टोक चिकटवून मोकळं व्हायचं, मग त्यात चार-दोन अक्षरं गळालीच समजा. पैदासकार थांबलेला असतो तो नेमका या गळतीसाठी. बदल बहुधा दुसऱ्या पिढीत दिसतात आणि त्यातले बहुतेक कुचकामी. हजारो रोपं उपटून टाकायची तयारी हवी.

किरण नसतानाही डीएनए आपोआप झिजतो, पेशीतल्या साध्या पाण्यानेसुद्धा. हे दाखवणाऱ्या टोमास लिंडाल यांना २०१५चं नोबेल मिळालं, मॉड्रिच आणि सँकर यांच्यासोबत.

'धारवाड अर्ली रनर' हा भुईमूग मला सगळ्यांत आवडतो. स्वभावाने अस्थिर. त्यातून निघालेली उत्परिवर्ती रोपं कधीकधी पुन्हा जुन्या वळणावर जातात. धारवाडच्या संशोधकांचा रोख एएच-माइट-१ या उड्या मारणाऱ्या डीएनए-तुकड्यावर आहे. असा तुकडा जनुकातली जागा सोडतो तेव्हा मागे दोन्ही धागे तुटलेले राहतात. सांधायचं पुन्हा पेशीनेच. नेमकं सांधलं तर जनुक पूर्ववत चालू, नाहीतर तिथे कायमचा व्रण.

हीच डागडुजी कॅन्सरच्या उपचारातही कामी येते. हुबळीत नवनगरला कॅन्सरचं मोठं रुग्णालय आहे. किरणोपचारात साधारण २ ग्रेचा (ग्रे म्हणजे किरणांच्या मात्रेचं एकक) डोस रोज, आठवड्यातून पाच दिवस देतात. मधल्या तासांत निरोगी पेशी स्वतःला सावरतात. कॅन्सरच्या पेशींना ते तितकं जमत नाही. भुईमुगाचं कोरडं बी २०० ग्रेही एका बैठकीत घेतं आणि वर उगवतं.