काल हे कोण पुरवत होतं?

मी नोकरीला लागले तेव्हा ऑफिसात जावा 6 नुकतंच रुळत होतं. डिसेंबर 2006मध्ये आलेल्या त्या आवृत्तीत वेब सेवांना कॉल करण्यासाठीचं जॅक्स-डब्ल्यूएस जेडीकेसोबतच मिळू लागलं. त्याआधी लोक अॅक्सिसच्या जार फायली गोळा करत बसायचे. आता सेवेचं वर्णन करणाऱ्या डब्ल्यूएसडीएलचा पत्ता द्यायचा, डब्ल्यूएसइम्पोर्ट चालवायचं, की क्लायंट तयार. सीनियर मंडळी या आयत्या सुखाकडे संशयाने बघायची.

संशय रास्त होता. डब्ल्यूएसइम्पोर्ट दिलेला पत्ता तयार क्लासमध्ये लिहून ठेवतं. कुणी स्वतःच्या मशीनवरची फाइल दिली असेल, तर सी ड्राइव्हचा मार्ग थेट लिनक्सच्या प्रॉडक्शन सर्व्हरवर पोचतो. सर्व्हिसचा ऑब्जेक्ट बनतानाच डब्ल्यूएसडीएल शोधला जातो. समोरची सेवा ठणठणीत, पण आपला कॉल निघतच नाही. डब्ल्यूएसडीएल वॉर फायलीत आणि एंडपॉइंट बाहेरच्या कॉन्फिगरेशनमध्ये, ही शिस्त मी तेव्हापासून सोडलेली नाही.

पुढे एचटीटीपीएस आलं आणि ‘पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड’ हे शब्द पाठ झाले. ब्राउझरमध्ये पत्ता उघडतो, म्हणून समोरची टीम ‘आमच्याकडे चालतंय’ म्हणून मोकळी. पण जावा स्वतःच्या कॅसर्ट्स फायलीत बघतं. कीटूलने सर्टिफिकेट तिथे घातलं की काम भागतं (पासवर्ड ‘चेंजइट’, आणि तो बदलायचं कुणाच्या मनातही येत नाही). मग कधीतरी जेडीके नवं येतं, त्याची कॅसर्ट्सही नवी, आणि आपलं सर्टिफिकेट जुन्या फोल्डरातच राहतं. वैतागून सगळी तपासणीच बंद करणारा कोड मी रिव्ह्यूत मुळीच पुढे जाऊ देत नाही. ट्रस्टस्टोअर वेगळी ठेवा, वाद मिटला.

सर्वांत मोठा घोळ सप्टेंबर 2018च्या जावा 11ने घातला. जेईपी 320ने जॅक्स-डब्ल्यूएस आणि जॅक्सबी जेडीकेतून काढून टाकलं. जावा 8वर बांधलेली वॉर फाइल नव्या सर्व्हरवर ‘नोक्लासडेफफाउंडएरर’ देऊन बसू लागली. कोडची एक ओळही बदललेली नव्हती.

परवा टीममधला एक मुलगा हैराण होऊन आला. जार फाइल डोळ्यांसमोर आहे, तरी क्लास सापडत नाही. मी विचारलं, “काल हा क्लास कोण पुरवत होतं?” काल तो जेडीकेच पुरवत होतं; आता त्याने स्वतः पॉममध्ये जॅक्स-डब्ल्यूएसची 3.0 आवृत्ती घातली होती. तिच्यात पॅकेजचं नाव ‘जावाएक्स’चं ‘जकार्ता’ झालेलं, क्लायंटचे क्लास मात्र जुन्याच नावाचे. आवृत्ती 2.3वर आणल्यावर कॉल गेला. क्लायंट नव्याने जनरेट करायचं काम आता पुढच्या स्प्रिंटमध्ये आहे.