मधले शून्य

निगडी प्राधिकरणातल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात स्पीकरची जोडी एकच होती. दुसरीला जागाच नव्हती. पंचाईत झाली ती घरात अ‍ॅम्प्लिफायर दोन झाले तेव्हा. पहिला वडिलांनी स्वतः जुळवलेला. ते आकुर्डीच्या एका कारखान्यात वायरमन होते. पुण्याच्या तपकीर गल्लीतून टू-एन-३०५५ ट्रान्झिस्टर आणून, दुसऱ्या पाळीहून परतल्यावर रात्री-अपरात्री डाग देत त्यांनी तो उभा केला होता. दुसरा आम्ही चाकणच्या नोकरीच्या पहिल्या पगारातून आणलेला.

एकदा ते पाळीवर असताना आम्ही दोन्हींच्या तारा त्याच स्पीकरांना पिळून लावल्या. दोन नळांनी एक बादली लवकर भरते, तसेच काहीसे होईल अशी आमची समजूत. स्पीकर आठ ओहमचा. अ‍ॅम्प्लिफायरचा अंतर्गत रोध मात्र ओहमचा अंशमात्र. एकाने टोकांवर पाच व्होल्ट धरू पाहिले आणि दुसऱ्याने शून्य, तर दोघांचा मिळून रोध ०.२ ओहम मानला तरी मागणी २५ अँपिअरची होते. त्याच पाच व्होल्टला स्पीकर जेमतेम ०.६ अँपिअर घेतो. स्पीकर बाजूला राहतो आणि दोघे एकमेकांनाच ढकलत बसतात. वडिलांच्या यंत्राचा एक चॅनेल जळाला. तो वास घरात दोन दिवस होता.

वडील रागावले नाहीत, म्हणून आम्ही अधिकच ओशाळलो. गुरुवारच्या सुट्टीत ते एवढेच म्हणाले, "कंपनीत बोर्डाची लाइट आणि जनरेटर एकदम सोडतात का रे?" कारखान्यात चेंजओव्हरचा दांडा असतो: एकीकडे बोर्ड, दुसरीकडे जनरेटर, मध्ये शून्य. आधी तोडायचे, मग जोडायचे. त्यांनी तसाच एक लहानसा स्विच बसवला. चार पोलचा, दोन्ही स्पीकरांचे धन आणि ऋण एकत्रच तोडणारा. काही अ‍ॅम्प्लिफायरांचे ऋण टोक अर्थला नसते, तेव्हा दोघांचे ऋण एकत्र बांधणेही धोक्याचे. आवाज पूर्ण उतरवल्याशिवाय दांडा फिरवायचा नाही, हा त्यांचा दंडक.

पुढे दांडा बहुधा आमच्याच बाजूला राहिला. जळालेला चॅनेल दुरुस्त करू म्हणता म्हणता वर्षे गेली. वडील आपली नाट्यपदे एकाच स्पीकरवर, आम्ही घरी नसताना ऐकत, हे आईने आम्हांला ते गेल्यावर सांगितले.

ट्रान्झिस्टर आम्ही नंतर बदलले. त्यांचा अ‍ॅम्प्लिफायर आता दोन्ही बाजूंनी नीट वाजतो. पण दांडा फिरवताना हात मधल्या शून्यावर थबकतो. घर तिथे क्षणभर निःशब्द असते. तेवढ्या अवकाशात "बाबा, आज तुमचे लावू का?" एवढे विचारणे सहज शक्य होते. ते आम्ही कधी विचारले नाही.