पळीतले शिसे

घरातल्या भांड्यांना स्वभाव असतात, असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे. तवा तापट, परात ऐसपैस, किसणी खोचक; परंतु पळीसारखे सालस भांडे दुसरे नाही. ती कोणाच्या अध्यात ना मध्यात. देवघरात तिने आचमनाचे पाणी द्यावे, स्वयंपाकघरात फोडणी करून द्यावी, आणि काम संपले की मुकाट्याने आपल्या जागी जाऊन पडावे. अशा गरीब भांड्यावर कोणी युद्धाचा आरोप ठेवील, हे मला स्वप्नातही खरे वाटले नसते. परंतु तसा पुरावा आहे, आणि तोही आकड्यांसह.

अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा मी कित्येक वर्षे वर्गात शिकवीत आलो आहे. त्याच्या आगेमागे काय घडले याचा शोध घेता घेता कनेक्टिकटमधील ऑलिव्हर वॉलकॉट यांच्या कागदपत्रांतला एक हिशेब माझ्या वाचनात आला. त्यात लिहिले आहे : श्रीमती मार्विन 6,058, रूथ मार्विन 11,592, लॉरा 8,378, मेरी ॲन 10,790, फ्रेडरिक 936, श्रीमती बीच 1,802, इतर मंडळी 2,182. गावच्या शिबंदीला दिलेले 50 आणि एका पलटणीला दिलेले 300 नग धरून एकूण बेरीज 42,088.

नुसती नावे आणि आकडे पाहिले तर कोणालाही वाटावे, हा पापडांचा हिशेब असेल. आमच्या घरी उन्हाळ्यात शेजारपाजारच्या बायका जमत, आणि कोणी किती लाटले याची आजी अशीच मोजदाद ठेवी. त्यातही एखाद्या पोराच्या नावावर दहापाच वेडेवाकडे पापड मांडलेले असत. परंतु हा हिशेब बंदुकीच्या गोळ्यांचा आहे.

त्याची कथा अशी. न्यूयॉर्क शहरात बोलिंग ग्रीन येथे 1770 साली तिसऱ्या जॉर्ज राजाचा अश्वारूढ पुतळा उभारला होता. जोसेफ विल्टन या इंग्रज शिल्पकाराची ती कृती. वरून सोन्याचा मुलामा असला तरी आत राजा आणि घोडा दोघेही शिशाचेच होते. 9 जुलै 1776 रोजी जाहीरनामा सैन्यासमोर वाचला गेला, आणि त्याच संध्याकाळी जमावाने दोर लावून महाराजांना घोड्यासकट खाली ओढले. पुतळ्याचे बरेचसे तुकडे लिचफील्ड गावी वॉलकॉट यांच्या घरी पोहोचले. वॉलकॉट हे जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी एक. लॉरा, मेरी ॲन आणि फ्रेडरिक ही त्यांची मुले. लॉरा चौदा-पंधरा वर्षांची, मेरी ॲन अकराच्या आसपासची, आणि फ्रेडरिक आठ-नऊ वर्षांचा.

घरी गोळ्या ओतणे हे त्या काळी त्या देशात काही नवल नव्हते. ज्या घरात बंदूक असे, तेथे तिच्या नळीच्या मापाचा साचाही असे. शिसे 327 अंशांवर वितळते. त्याला भट्टी लागत नाही, घरची चूल पुरते. भांड्यात तुकडे टाकावेत, वितळले की त्यात थोडे मेण किंवा चरबी घालावी, वर येणारा मळ काढून टाकावा, आणि खाली चकाकणारा रस पळीने घेऊन साच्याच्या तोंडात ओतावा. साचा सांडशीसारखा, दोन पाकळ्यांचा. क्षणभर थांबून पाकळ्या उघडल्या की गोळी टपकन खाली पडते. तिला शेपटासारखी चिकटलेली नाळ तेवढी कापायची. ते कापलेले शिसे पुन्हा भांड्यात. थेंबभर पाणी आत गेले तर रस स्फोटासारखा उसळतो, एवढेच भय. पहिल्या चारदोन गोळ्या मात्र हमखास बिघडतात. साचा थंड असतो, त्यामुळे त्यांच्या अंगावर सुरकुत्या पडतात. त्यांनाही पुन्हा भांड्याची वाट धरावी लागते.

अकरा वर्षांच्या मुलीने असे 10,790 वेळा केले. फ्रेडरिकने 936 वेळा केले आणि बहुधा तो खेळायला पळाला. मला तो फार जवळचा वाटतो. परंतु मेरी ॲन माझ्या मनातून जात नाही. ती दुष्ट होती काय? छे! दहा हजारांचा आकडा गाठला तेव्हा तिला आनंदच झाला असेल. सावत्रपणे वागवून नव्हे, तर कौतुक करून मोठ्यांनी तिला या कामाला बसविले असेल. त्या लढ्याची बाजू न्यायाची होती असेच मी मानतो, आणि तो जाहीरनामा शिकवताना अजूनही माझा आवाज किंचित चढतो. तरीही त्या हिशेबाचा कागद मला स्वस्थ बसू देत नाही.

कारण शिशाला स्वतःचे मत नसते. तो जाहीरनामा सैन्यापर्यंत पोहोचला तो छापलेल्या कागदावरून. आणि जॉन डनलॅप या मुद्रकाने 4 जुलैच्या रात्री फिलाडेल्फियात तो छापला, तो शिशाच्याच अक्षरांनी. अक्षरे ओतण्याची जुनी रीतही हीच : शिशात अँटिमनी आणि कथील मिसळावे, रस पळीने घ्यावा, साच्यात ओतावा. म्हणजे शिशाच्या अक्षरांनी शिशाचा राजा पाडला आणि त्याच्या शिशाच्या गोळ्या झाल्या! आपल्याकडे जावजी दादाजी यांनी 1869 साली निर्णयसागर छापखाना काढण्याआधीच टाइप ओतण्याचा कारखाना घातला होता. आपल्या आजोबा-पणजोबांनी ज्या पोथ्या आणि मासिके वाचली ती या शिशाच्या खिळ्यांची पुण्याई. धातू एकच, साचा वेगळा.

परंतु शिसे अगदीच निष्पाप आहे असेही नाही. ते विष आहे. त्याची धूळ आणि वाफ शरीरात जाते आणि हाडांत घर करून राहते. मुलांच्या शरीरात ते मोठ्यांपेक्षा अधिक भिनते आणि त्यांच्या वाढत्या मेंदूला इजा करते. मुलांच्या रक्तात शिशाचे अमुक प्रमाण निर्धोक, अशी रेघ आजचे वैद्यकशास्त्र आखीत नाही. लिचफील्डच्या मुलांना याचा किती उपद्रव झाला याची नोंद माझ्या पाहण्यात नाही. पण एवढे खरे की शत्रूला लागण्यापूर्वी गोळी ओतणाऱ्याच्या हाताला लागलेली असते.

हे सारे आठवण्याला एक निमित्त झाले. काही दिवसांपूर्वी निबंधाच्या वह्या तपासताना तीन मुलांच्या वह्यांत एका समाजाविषयी एकच वाक्य मला आढळले. वाक्य विखारी होते, आणि तिघांचेही शब्दन्‌शब्द सारखे. एकमेकांचे पाहून लिहिले असेल म्हणून मी त्यांना बोलावले. तिघे वेगवेगळ्या तुकड्यांतले. एकमेकांना ओळखतही नव्हते. त्यांतला एक अगदी सरळपणे म्हणाला, “सर, यात चूक काय? आमच्या घरी सगळेच असे म्हणतात.” मुलगा गुणी आहे, वडीलधाऱ्यांच्या पाया पडणारा आहे. मी ते वाक्य पुन्हा वाचले. गुळगुळीत, गोल, शेपूट कापलेले. रात्रीच्या जेवणाच्या वेळी, वरणभात वाढता वाढता, कितीदा तरी ते ओतले गेले असेल. आणि ते बरोबर उच्चारले म्हणून लहानपणी त्याची पाठही थोपटली गेली असेल.

मी त्याला रागावलो नाही. रागावण्याने साचा अधिकच तापतो. “या समाजातल्या एका माणसाशी तू कधी अर्धा तास बोलला आहेस का?” एवढेच विचारले. तो गप्प राहिला. दुसऱ्या दिवशी वही परत आणली तेव्हा ते वाक्य खोडलेले नव्हते, पण त्याच्यापुढे पेन्सिलीने एक बारीकसे प्रश्नचिन्ह काढलेले होते. गोळीच्या अंगावर पहिली सुरकुती पडली होती. मला तेवढे पुरे वाटले. जे शिसे राजाचा पुतळा होऊन शहराच्या मध्यभागी सोन्याच्या मुलाम्यात मिरवले, तेही शेवटी वितळलेच; मग एका वाक्याचे ते काय?