अनंतरावांचं जाडजूड पुस्तक

देवगाव रंगारी, १७ सप्टेंबर. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन उरकलं आणि अनंत भालेरावांचं 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' हे पुस्तक पुन्हा काढलं. अनंतराव आमच्या शेजारच्याच वैजापूर तालुक्यातले. हैदराबादच्या निजामाविरुद्ध लढले, तुरुंगात गेले, पुढे 'मराठवाडा' या वृत्तपत्राचे संपादक झाले. रोजचे अग्रलेख, 'कावड'सारखं सदर, आणीबाणीत पुन्हा तुरुंग. या धबडग्यात त्यांनी हा इतिहास जमवला. लढलेला माणूस तटस्थ कसा लिहील, असं कुणी म्हणेल. म्हणो बापडा! मला तर त्यातली धगच हवी आहे. शाळेत आम्ही १९४२चा 'चले जाव' लढा घोकला. पण १५ ऑगस्ट १९४७ नंतरही आमच्या गावावर निजामाचाच अंमल होता, तो १९४८च्या भारत सरकारच्या पोलीस कारवाईनंच संपला, हे कुणी धड सांगितलंच नाही. आता निजामाविरुद्ध लढलेल्या हैदराबाद स्टेट काँग्रेसचं प्रकरण वाचायला घेतो.