तोंडाला तोंड

आमच्या घरी आई आणि बाबा एकमेकांशी थेट फार कमी बोलत. भांडण वगैरे नव्हतं, रीतच तशी होती. ‘बाबांना सांग, पानं घेतलीयेत,’ असं आई मला सांगायची, आणि बाबा त्याच खोलीत पेपर उघडून बसलेले असायचे. मीही निरोप इमानेइतबारे पोचवायचे. मुलींनी तोंडाला तोंड देऊ नये, हे तर भिंतीवरच्या कालनिर्णयाइतकं कायमचं होतं.

नव्वदच्या दशकात साताऱ्याला आमच्या गल्लीत केबल आली. दिवसभर कार्टून नेटवर्क दिसणारं चॅनेल रात्री टीएनटी व्हायचं. जेरीच्या मागे धावणारा टॉम गेला, की एमजीएम आणि आरकेओचे जुने काळे-पांढरे चित्रपट सुरू. कुणी उठून टीव्ही बंद करेपर्यंत ते चालत. आणि तिथे एक सडपातळ, उंच बाई एका देखण्या पुरुषासमोर उभी राहून त्याला बोलू म्हणून देत नव्हती. कुणाच्या मार्फत नाही, समोरासमोर. मी जागची हलले नाही.

ती कॅथरीन हेपबर्न आणि तो कॅरी ग्रांट. चित्रपट ‘ब्रिंगिंग अप बेबी’, 1938 सालचा. डायनासोरचा सांगाडा पुरा करायला शेवटचं एक हाड हवं असलेला शास्त्रज्ञ, ते हाड पुरून ठेवणारा कुत्रा, आणि या सगळ्यांत फिरणारा ‘बेबी’ नावाचा बिबट्या. सबटायटल्स नव्हती. शेजारी आत्या बसलेली असायची. ती शाळेत इंग्रजी शिकवायची, पण या बाईच्या वेगापुढे तीही हात टेकायची. ‘आत्या, काय म्हणाली गं ती?’ ‘काहीतरी खोचक.’ एवढ्यावर माझं भागायचं. आतून आई विचारायची, ‘वन्सं, झोपायचं नाही का आज?’ आत्या आवाज थोडा कमी करायची, टीव्ही बंद मात्र करायची नाही.

ही माणसं इतकी का बोलतात, हे बऱ्याच वर्षांनी उलगडलं. विसाच्या दशकाच्या शेवटी सिनेमाला आवाज मिळाला आणि हॉलिवूडला एकदम संवाद लिहिणाऱ्यांची गरज पडली. मग न्यूयॉर्कच्या रंगभूमीवरचे नाटककार आणि वर्तमानपत्रांतले वार्ताहर पगारावर बोलावले गेले. बेन हेक्ट आणि चार्ल्स मॅकआर्थर हे दोघं असेच पत्रकारितेतून आलेले. त्यात 1934च्या मध्यापासून जोसेफ ब्रीन यांच्या कचेरीने प्रॉडक्शन कोड, म्हणजे पडद्यावर काय दाखवायचं याचे नियम, कडकपणे लागू केला. त्यांच्या शिक्क्याशिवाय मोठ्या स्टुडिओंच्या थिएटरांत चित्रपट लागणं अशक्य झालं. नवरा-बायकोचे पलंगसुद्धा वेगळे दाखवायचे. जे स्पर्शाने सांगायची बंदी, ते सगळं जिभेवर आलं. सेन्सॉरचे आभार मानावेत असे प्रसंग जगात थोडे, त्यातला हा एक. अर्थात कैचीने मारलेल्या चित्रपटांची यादी कुणी समोर ठेवली, तर मी हे वाक्य मागे घेईन.

याच्या थोडं आधी, फेब्रुवारी 1934मध्ये, फ्रँक काप्राचा ‘इट हॅपन्ड वन नाइट’ आला होता. घरातून पळालेली श्रीमंत बापाची लेक, नोकरी गेलेला बातमीदार, रात्रीची बस, आणि एका खोलीत दोन खाटांमध्ये दोरीवर टाकलेलं ब्लँकेट. महामंदीने पोळलेल्या प्रेक्षकांना गर्भश्रीमंत मुलीला उपाशीपोटी कच्चं गाजर खायची वेळ आलेली पाहून बरं वाटलं असणार. सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शक, अभिनेता, अभिनेत्री आणि पटकथा, अशी पाचही मोठी ऑस्कर त्याने नेली. आपल्याकडे त्याचा 1956मध्ये ‘चोरी चोरी’ झाला आणि 1991मध्ये ‘दिल है के मानता नहीं’. दोन्ही मला आवडतात. पण मूळ चित्रपट जिथे दोघांना वाद घालायला लावतो, तिथे आपल्याकडे गाणं येतं. शंकर-जयकिशनची गाणी कुणाला नको आहेत? तरी गाण्यात दोघं एका सुरात असतात, आणि मला तर बेसूर ऐकायचा असतो.

पुण्याला शिकत असताना लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म अर्काइव्हमध्ये मी ‘द शॉप अराउंड द कॉर्नर’ पाहिला. एर्न्स्ट ल्यूबिचचा, 1940चा. ल्यूबिच बर्लिनचा, वडिलांचा कपड्यांचा धंदा, तरुणपणी त्याने तिथे हिशेबाच्या वह्या लिहिलेल्या. दुकानात काम करणाऱ्याचा जीव कशाकशात अडकलेला असतो, हे ठाऊक असलेल्या माणसाचा हा चित्रपट आहे. बुडापेस्टमधलं एक दुकान, तेही हॉलिवूडच्या स्टुडिओत उभारलेलं. तिथे क्रालिक आणि क्लारा, म्हणजे जेम्स स्टुअर्ट आणि मार्गारेट सुलाव्हन, दिवसभर एकमेकांना पाण्यात पाहतात. ती नोकरी मिळवते तीच त्याला खोटं पाडून: सिगारेटची पेटी उघडली की सूर वाजतात, ती पेटी खपणार नाही असं त्याचं मत, आणि ही बया एका गिऱ्हाइकाला तीच चॉकलेटची पेटी म्हणून विकून दाखवते. संध्याकाळी मात्र दोघंही एका अनोळखी व्यक्तीला सुंदर पत्रं लिहीत असतात. ती व्यक्ती कोण, हे सांगायलाच नको.

यात प्रेमाइतकीच नोकरीची धास्ती आहे. मालक मातुशेकच्या मनात काय आहे, हे चेहऱ्यावरून ताडत सगळे वावरतात. क्रालिकला काढून टाकतात तेव्हा दुकानातले सहकारी काहीच करू शकत नाहीत, आणि त्या बिचाऱ्यांच्या नजरा मला आजही पाहवत नाहीत. त्याच सुमारास तो कॅफेत पोचतो आणि आपली पत्रमैत्रीण म्हणजे क्लाराच, हे त्याला कळतं. तिला अजून कळलेलं नाही. तो तिच्या टेबलाजवळ जातो, आणि ती त्याला क्षुल्लक कारकून म्हणून इतकं लागेल असं बोलते की थिएटरात माझ्या पुढच्या रांगेतले एक आजोबा ‘अरेरे’ म्हणाले. स्टुअर्ट उत्तर देत नाही. हजरजबाबी माणूस तिथे गप्प बसतो. एवढ्या बडबड्या चित्रपटांत हे गप्प बसणं मला सगळ्यात मोठं वाटतं, कारण आता उत्तर देणं त्याला परवडणारं नाही. मग पोस्टातला तो क्षण: पत्रांच्या रिकाम्या खणात पलीकडून हातमोजा घातलेला हात येतो, चाचपतो, आणि मागे क्लाराचा पडलेला चेहरा दिसतो. सिनेमात नायिकेच्या डोळ्यांतून घागरीच्या घागरी वाहतात, इथे एक हात पुरतो. पुढे 1998मध्ये याचा ‘यूव्ह गॉट मेल’ झाला. तो ठीक आहे.

लग्न झाल्यावर मला ‘द ऑफुल ट्रुथ’ जवळचा वाटू लागला. 1937चा, लिओ मॅकेरीने बरंचसं सेटवर ऐन वेळी सुचेल तसं रचलेला. ग्रांट आणि आयरीन डन घटस्फोट घ्यायला निघतात आणि कोर्टात कुत्रा कुणाकडे जायचा यावर अडतात. कुत्र्यालाच निवडू द्या असं ठरतं, आणि बाईसाहेब हळूच त्याचं खेळणं दाखवून तो आपल्याकडे वळवतात. स्टॅन्ली कॅव्हेल या तत्त्वज्ञाने 1981मध्ये या जातीच्या चित्रपटांवर ‘पर्स्यूट्स ऑफ हॅपिनेस’ असं आख्खं पुस्तक लिहिलं. आधीच लग्न झालेल्या दोघांनी पुन्हा एकमेकांशी लग्न करावं की नाही, हा यातला खरा प्रश्न, असं तो म्हणतो. नवऱ्याशी गॅसच्या नंबरावरून तासभर वाद घातल्यावर ते मला चटकन पटतं. आमच्या घरात निरोप्या कुणी नाही. वाद थेट होतात आणि बहुतेक वेळा मजेचे होतात.

आता या सगळ्यावर माझ्या लेकीचं मत. तिला मी ‘द फिलाडेल्फिया स्टोरी’ दाखवला. सुरुवातीलाच ग्रांट हेपबर्नच्या तोंडावर पंजा ठेवून तिला मागे ढकलतो आणि ती धाडकन पडते. लोक हसतात. लेक हसली नाही. पुढे बाहेरख्याली बाप मुलीलाच ऐकवतो, की तू माया लावली असतीस तर मी असा वाहवलो नसतो. ‘आई, हे तुला चालतं?’ नाही चालत. हे भाषण लिहिणाऱ्यावर मी आजही चिडते. तरी दारू पिऊन पोहायला निघालेली हेपबर्न मला हवीच असते, आणि या दोन्ही गोष्टी एकाच चित्रपटात आहेत त्याला माझा इलाज नाही.

‘हिज गर्ल फ्रायडे’ तिला पटेल असं वाटलं होतं. मूळ नाटकातला बातमीदार पुरुष. हॉवर्ड हॉक्सने त्याची बाई केली, संपादकाची घटस्फोटित बायको. रोझलिंड रसेलची हिल्डी सगळ्या पुरुष बातमीदारांत सरस, आणि संवाद एकमेकांवर असे चढवलेले की श्वास घ्यायला जागा नाही. लेक पहिला तासभर खूष होती. शेवटी हिल्डी सुखी संसाराचा बेत सोडून पुन्हा त्या संपादकाकडे, वॉल्टरकडे, वळते, तेव्हा ती उखडली.

‘परत त्याच्याकडे कशाला गेली?’

‘त्याच्याकडे नाही गं, कामाकडे गेली,’ मी म्हटलं. ‘तिचा जीव त्या टाइपरायटरमध्ये आहे.’

‘मग टाइपरायटर घेऊन जायचा ना नुसता! आणि बॅग बघितलीस? तो पुढे निघाला आणि बॅग हिनेच उचलली.’